बाहेरून लावलेली कडी

लाईनवर मोबाईल चालत नाही. मोबाईल लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली कमरेला, आणि बाहेर जग बुडालं तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपल्याला कळायचं कारण नाही. त्यामुळे सुपरवायझर बेल्टच्या कडेकडेनं नेमका माझ्याकडेच येताना दिसला तेव्हाच मी हातातलं जुडगं खाली ठेवलं. "जयमाला, पोरीच्या शाळेतून ऑफिसात फोन आलाय. तुझ्या पोरीनं कुणाला तरी कोंडून घातलं म्हणे." आणि हसला. पोरीला कुणी कोंडलं, हे ऐकायची माझी तयारी होती. मुलीची आई झाल्यापासून रोज तीच तयारी असते. उलटं ऐकायची नव्हती. आणि खोटं कशाला बोलू, भीती वाटायच्या आधी क्षणभर छातीत भलतंच काहीतरी उसळलं, वरातीत एकदम बँड सुरू होतो तसं. माझ्या पोरीनं कोंडलं! आमच्या सात पिढ्यांत कुणी कुणाला कोंडलं नसेल, आम्हीच कोंडले जात आलो. मग त्यानं त्या पोराचं नाव सांगितलं आणि बँड बंद पडला. प्रज्वल. नानासाहेबांचा नातू. आणि नानासाहेब म्हणजे आमचे खोलीमालक. भोसरीत त्यांच्या जुन्या शेतावर उभ्या राहिलेल्या चाळीत आम्ही राहतो.

ऑफिसातल्या फोनवर सिस्टर बेनेडिक्टा होत्या, शाळेच्या मुख्याध्यापिका. राहुरीकडच्या आहेत, बोलणं आपल्यासारखंच. म्हणाल्या, "दिव्याच्या आई, घाबरू नका. मधल्या सुट्टीत दिव्यानं प्रज्वलला स्टोअररूममध्ये ढकललं आणि बाहेरून कडी लावली. पोरगं बराच वेळ आत होतं, भेदरलंय. उद्या सकाळी दोन्ही घरच्यांनी या. शिक्षा करायला बोलवत नाही. सगळ्यांनी गोल बसायचं, काय झालं ते मोकळेपणी सांगायचं, ऐकायचं. कुणाला काढायचा विषयच नाही." मी "हो सिस्टर" म्हणाले, फोन ठेवला आणि तिथंच उभी राहिले. कारण हीच वाक्यं मी आधी ऐकली होती. शब्दसुद्धा तेच. मोकळेपणी. कुणाला काढायचा विषय नाही.

ती आधीची कंपनी. तिथंही मी हेच काम करत होते, गाड्यांना लागणाऱ्या वायरींचे जुडगे बांधायचं. एकदा माल परत आला, टोकं सुटत होती. तेव्हा एच.आर.च्या एसी खोलीत गोल टेबलाभोवती आम्हा बायकांना बसवलं, बिस्किटं ठेवली, क्रीमची. साहेब म्हणाला, "ताई, कोर्ट नाही हे. फक्त कारण शोधायचंय. मोकळेपणी बोला." बाकीच्या बिस्किटांकडे बघत बसल्या. मी बोलले. टार्गेट गाठायला सुपरवायझर टेस्टिंगची पायरी गाळायला लावतो, हे सगळ्यांना माहीत होतं, सगळ्या रोज तोंड वाकडं करून ते करत होत्या, आणि मी येडी, मला वाटलं कुणीतरी पहिल्यांदाच विचारतंय. साहेबानं मान हलवली, "व्हेरी गुड" म्हणाला. सोमवारी गेटवर माझं कार्ड लावलं तर मशीननं लाल दिवा दाखवला. सिक्युरिटीवाला खाली बघत म्हणाला, "ताई, तुमचं गेट बंद आहे." या पट्ट्यात कामावरून काढलं असं कुणी म्हणत नाही. गेट बंद म्हणतात. कागद नाही, कारण नाही, भांडायला समोर माणूस नाही. तो लाल दिवा अजून माझ्या डोळ्यांमागे पेटतो. तेव्हापासून माझा एकच नियम: गोल बसवलं की तोंड उघडायचं नाही. भिंतीसमोर उभं करून शिव्या देणारा माणूस परवडला, आपल्याला कळतं तरी कुठं उभं आहोत.

शाळेचं तर त्याहून अवघड. ही सिस्टरांची शाळा. हिच्यात ॲडमिशन मिळावी म्हणून सुजितनं, माझ्या नवऱ्यानं, वर्कशॉपमधून आल्यावर तेलकट हात घासघासून धुतले होते, इंटरव्ह्यूला. लातूरकडच्या माझ्या शाळेत गुरुजी हातावर उभी पट्टी मारायचे आणि घरी सांगितलं तर वडील आणखी एक द्यायचे. दिव्या इथं सकाळी प्रार्थनेला हात जोडून उभी राहते, मेरीमातेच्या पुतळ्याजवळ लाल बल्ब असतो, आणि ती मला घरी येऊन विचारते, "आई, देव दयाळू आहे तर मला परीक्षेत एक मार्क का कमी?" असली पोरगी आहे. ती त्या गेटाच्या आत राहिली पाहिजे. माझं काय व्हायचं ते होऊन गेलंय, त्याला आता साबण लावून उपयोग नाही. पण तिचं गेट बंद व्हायला नको.

म्हणून त्या संध्याकाळी तिची वेणी घालताना मी तिची तयारी करून घेतली. सुजित म्हणाला होता, "तूच जा बाई, मी गेलो तर नानासाहेबांच्या पाया तरी पडेन नाहीतर गचांडी तरी धरेन." तिचे केस चिकट लागत होते, कंगवा अडकत होता. रविवारी डोकं धुतलंय आणि फेसही नीट काढत नाही हे पोरगं, म्हणून मी एक टपली मारली.

"उद्या सिस्टर काय झालं विचारतील. काय म्हणायचं?"

"मी कडी लावली."

"नाही. माहीत नाही म्हणायचं."

"पण मीच लावली. सगळ्यांनी बघितलं."

"त्यांनी बघितलं ते त्यांना माहीत. तुला माहीत नाही. कामून लावली असं विचारलं तरी माहीत नाही."

तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली. दहा वर्षांचं लेकरू, पण तिच्या नजरेत मला तो गेटवरचा सिक्युरिटीवाला दिसला, खाली बघणारा. "बरं," ती म्हणाली. आणि मला वाटलं, चला, शिकली. आई म्हणून मी तिला माझ्याजवळचं सगळ्यात महाग शहाणपण दिलं होतं. ते खोटं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. ज्यानं मार खाल्लाय त्याला आपला वळ म्हणजेच ज्ञान वाटतं, आणि तो ते ज्ञान पोरांच्या पाठीवर काढतो.

सकाळी बालवर्गाच्या खोलीत बसवलं. गोल मांडलेल्या खुर्च्या बालवर्गाच्याच, पिवळ्या प्लॅस्टिकच्या, गुडघे हनुवटीला लागतील अशा. नानासाहेब दारात थबकले. पांढरेशुभ्र कपडे, बोटात अंगठ्या, हातात गाडीची चावी. "सिस्टर, ह्या खुर्चीत मी मावायचो न्हाई." "मावता नानासाहेब, मीसुद्धा मावते," असं म्हणत सिस्टर स्वतःच आधी बसल्या, आणि त्यांचा पांढरा झगा खुर्चीच्या बाहेर दोन्हीकडून सांडला. नानासाहेब बसले. खुर्ची किंचाळली. प्रज्वल खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. मी हसू दाबलं, पण आतल्या आत काहीतरी उकळायला लागलं होतं. ज्या माणसासमोर मी चाळीत कधी खाटेवरसुद्धा बसले नाही त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांच्या उंचीला होते. भीती आणि मजा एकाच वाटीत कालवल्यासारखी. हे सगळं सोंग आहे, असं मी मनात घोकत होते. आता बिस्किटं येतील. बिस्किटं आली नाहीत. सिस्टरांनी फळ्याचा जुना लाकडी डस्टर काढला. "हा ज्याच्या हातात त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. बोलायचं नसेल तर पुढं द्यायचा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पूर्वी आम्ही ह्यानं मारायचो. मीसुद्धा. उन्हात गुडघ्यावर बसवायचो. पोरं सुधारली नाहीत, नेम चुकवायला शिकली."

"ते समदं खरं," नानासाहेब म्हणाले, "पर एवढा घोळ कशापायी? दाखला द्या आन् मोकळं करा. आमच्या नातवाला कोंडतीया म्हंजी काय?"

"नानासाहेब, डस्टर."

"आवं, माज्याकडं मोबाईल हाय, डस्टर कशाला?"

"मग मोबाईल बंद करा," सिस्टर म्हणाल्या, आणि डस्टर प्रज्वलच्या मांडीवर ठेवला.

दाखला द्या. ते दोन शब्द माझ्या कानात घुसले आणि तिथंच बसले. मी दिव्याकडे बघितलं, डोळ्यांनी सांगितलं, माहीत नाही, माहीत नाही. ती भिंतीवरच्या हत्तीच्या चित्राकडे बघत होती. प्रज्वलनं डस्टर दोन्ही हातांत धरला, गुबगुबीत, गोरं पोरगं, कानात सोन्याची बाळी. म्हणाला, "आत अंधार होता. नाताळच्या गव्हाणीतले पुतळे होते. उंट होता. एक राजा होता, त्याचं नाक तुटलंय. तो माझ्याकडेच बघत होता. मी दार वाजवलं. कुणीच आलं नाही. मग..." त्यानं आजोबांकडे बघितलं. "मग माझी पँट ओली झाली." "ये, गप," नानासाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "असलं चारचौघांत सांगत्यात व्हय?" सिस्टरांनी डस्टरकडे बघितलं. प्रज्वलनं वाक्य परत घेतलं नाही. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मला त्या पोराचा अभिमान वाटला. परक्याच्या, मालकाच्या पोराचा. हे इतकं पोरगं, आणि जे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं नसतं ते त्यानं पाच माणसांत सांगितलं. कंपनीत कुणी असं बोललं की त्याच्याकडे कसं बघायचं नाही ते आम्हाला बरोबर माहीत असतं. इथं सगळे बघत होते, आणि छत पडत नव्हतं.

डस्टर दिव्याकडे आला. तिनं तो धरला, उलटा केला, सुलटा केला. खडूची पूड तिच्या निळ्या स्कर्टवर पडली. "माहीत नाही," ती म्हणाली.

मी श्वास सोडला. शाबास. मग ध्यानात आलं. तिनं माझाच आवाज काढला होता. तो सपाट, मेलेला आवाज, जो मी रोज लाईनवर वापरते. दहा वर्षांच्या घशातून तो ऐकला तेव्हा पहिल्यांदा मला तो कसा वाटतो ते कळलं. सिस्टर म्हणाल्या, "चालेल. नको वाटत असेल तर पुढं दे." कंपनीत असं कुणी म्हटलं नव्हतं. गप्प बसायलासुद्धा परवानगी असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे मी एकदम पोरकी झाले, कारण माझं गप्प बसणंच माझं हत्यार होतं आणि इथं त्याला कुणी भीत नव्हतं. डस्टर माझ्याकडे आला. मी तो एखादं गरम भांडं पुढं करावं तसा नानासाहेबांकडे सरकवला.

नानासाहेबांनी घसा साफ केला. त्यांना भाषणाची सवय आहे, गणपतीत दरवर्षी असतं. "आता मी सांगतो. आमी ह्या गावचे मूळचे. भाईरनं माणसं आली, पोटासाठी आली, आमी न्हाई म्हटलं न्हाई. जागा दिली. लाईट दिली. पाणी दिलं..."

"पाणी नाही दिलं!"

दिव्या उभी होती. खुर्ची मागं पडली होती. तिच्या हातात डस्टर नव्हता, तिला नियम माहीत होता, आणि तिनं तो मोडला होता. माझ्या अंगातून करंट गेला. मी तिचा हात धरायला पुढं झाले आणि माझाच हात हवेत थांबला. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "नानासाहेब, तिला द्या. मग परत तुमच्याकडं येईल." आणि त्या माणसानं, ज्याच्यासमोर आमची चाळ चपला काढून उभी राहते, वाकून माझ्या पोरीच्या हातात डस्टर दिला. त्याच्या पांढऱ्या बाहीवर खडूचा डाग पडला.

"रविवारी मी डोकं धूत होते," दिव्या म्हणाली, आणि हा आवाज माझा नव्हता, तिचा होता, वर चढत जाणारा. "शॅम्पू लावला होता. ह्यानं खालचा पाण्याचा कॉक बंद केला. मी नळ फिरवला, पाणी नाही. डोळ्यांत गेलं. मी ओरडले, तर हा खाली उभा राहून हसत होता. आई ओव्हरटाइमला होती, पप्पा झोपले होते. मग मी टॉवेलनं पुसलं. सोमवारी ह्यानं वर्गात सगळ्यांना सांगितलं, फेसवाली, फेसवाली. सगळी पोरं डोक्यावर हात चोळून दाखवत होती. म्हणून मी ढकललं. मला वाटलं, तूपण उभा राहा. तूपण ओरड. कुणी येत नाही तेव्हा कसं वाटतं ते बघ."

चिकट केस. कंगव्यात अडकणारे. आणि मी टपली मारली होती. माझे डोळे भरले, पण ते रडणं नव्हतं. काहीतरी फुटून वाहत होतं आणि त्याला आनंदासारखा वास होता. सांगितलंस ग बाई. माझं सगळं महाग शहाणपण लाथाडून सांगितलंस. जत्रेत पाळणा वर जाऊन क्षणभर थांबतो, पोट वरच राहतं, तसं माझं झालं. लाल दिवा लागायचा तर लागू दे.

"आजोबापण करतात," प्रज्वल म्हणाला. डस्टर कुणाकडे होता ते आता कुणाच्याच लक्षात नव्हतं. "चाळीतल्या बायकांनी गॅलरीत जास्त कपडे वाळत घातले की आजोबा म्हणतात, जा रे, कॉक फिरव, येत्यात का न्हाई बघ आपोआप खाली. मीच जातो दरवेळी."

नानासाहेब आपल्या नातवाकडे बघत राहिले. रागानं बघतील असं मला वाटलं होतं. पण तो राग नव्हता. आरशात स्वतःचं तोंड अचानक दिसल्यावर माणूस बघतो तसं. सिस्टरांनी त्यांना काही विचारलं नाही, खिंडीत गाठलं नाही, उपदेश केला नाही. माझ्याकडे वळल्या. "दिव्याच्या आई?"

मी डस्टर घेतला. या वेळी पुढं सरकवला नाही. "माहीत नाही म्हणायला मीच शिकवलं तिला," मी म्हणाले. "मला वाटलं, बोललं की गेट बंद होतं. माझं झालंय. आणि नानासाहेब, पाणी जातं तेव्हा ते कॉकमुळं जातं, हे आम्हा सगळ्या बायकांना ठाऊक आहे. आम्ही एकमेकींना मोटर बिघडली असं सांगतो. लाज वाटते म्हणून. तुमची नाही, आमची." एवढंच बोलले. पण इतकं सलग, स्वतःच्या आवाजात, वर बसलेल्या माणसाला मी जन्मात बोलले नव्हते, त्या एसी खोलीतसुद्धा नाही; तिथं मी मशीनबद्दल बोलले होते, इथं माझ्याबद्दल.

मग सिस्टरांनी पोरांनाच विचारलं, आता काय केलं म्हणजे बरं वाटेल. प्रज्वल म्हणाला, "हिनं वर्गात सांगायचं, मी रडलो नाही."

"पण तू रडलास," दिव्या म्हणाली. "झाडायला आलेल्या गिरजाबाईंनी कडी काढली ना, तोवर मी तिथंच होते. खांबामागं."

"मग उघडलं का नाहीस?"

दिव्यानं स्कर्टवरची खडूची पूड झटकली. "माझा हातच जाईना. तू ओरडत होतास आणि मला पण रडू येत होतं."

प्रज्वलनं यावर खूप विचार केला, नाक ओढलं, आणि बाजारात भाव ठरवावा तसा म्हणाला, "मग दोघं रडलो असं सांग."

"चालेल. पण तू कॉकला हात लावायचा नाही. आणि फेसवाली म्हणणाऱ्यांना तूच गप्प करायचं."

"चालेल."

झालं. मोठ्या माणसांना वकील लागले असते. सिस्टर म्हणाल्या, शनिवारी दोघांनी मिळून गव्हाणीचे पुतळे पुसायचे, स्टोअररूमचं दार उघडं ठेवून, आणि नाक तुटलेल्या राजाला नाक बसवायचं. "आणि दिव्या, आत्ता तुझा गणिताचा तास आहे. पळ." पळ! दिव्या पळाली. माझी पोरगी शाळेच्या आत पळाली, बाहेर नाही. तिची चिकट वेणी पाठीवर आपटत होती आणि मी बघतच राहिले, हसत होते की रडत होते देव जाणे, सिस्टरांचा देव जाणे. मला ओरडावंसं वाटत होतं. ज्या एच.आर.वाल्याला मोकळेपणी हा शब्द वापरायला पगार मिळतो त्याला धरून आणून ह्या पिवळ्या खुर्चीत बसवावं आणि त्याचा कॉक कोण फिरवतं ते विचारावं, असं वाटत होतं.

गेटबाहेर नानासाहेब गाडीपाशी उभे होते. मला बघून घसा साफ केला. "सुजितची बायकू न्हवं तू? पोरीनं आज लई बोलून घेतलं. खोलीचं मला काय ते बघावं लागंल."

कालपर्यंत ह्या वाक्यानं माझे पाय गळाले असते. आज पायांत जत्रा होती. "बघा ना," मी म्हणाले. "पण आमच्यासमोर बघा. आज चाळीत या. सगळ्या बायका असतील. पाणी कधी सोडायचं, कधी नाही, कपडे कुठं वाळत घालायचे, ते तुम्ही सांगा. मग आम्ही सांगू."

"माज्याच चाळीत मला बोलवतीस व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. त्यांच्याच भाषेत, आपोआप निघालं.

त्यांनी गाडीचं दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. बाहीवरचा पांढरा डाग झटकला, तो आणखी पसरला. एमआयडीसीच्या रस्त्यावरून कंपनीची बस गेली, आमच्या शिफ्टची नव्हती. माझा आजचा पगार बुडला होता आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"किती वाजता?" नानासाहेबांनी विचारलं, माझ्याकडे न बघता.

मी गडबडले. आयुष्यभर मला वेळ सांगितली गेली आहे. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, भोंगा, बेल. कुणी विचारली नव्हती. मी रस्त्यात उभी राहून, अगदी सावकाश, चाळीतल्या एकेका बाईची शिफ्ट मनात धरून, सगळ्याजणी घरी असतील अशी एक वेळ शोधायला लागले. आणि तो माणूस, हातात चावी घेऊन, थांबला होता.